गुरू, माळ आणि अनुग्रह : बेळगाव भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात ज्ञानेश्वरी पारायण बसलं की दुपारचं वाचन संपल्यावर आणि हरिपाठाचे टाळ वाजायच्या आधी तासभर मोकळा मिळतो. त्या तासात मंडपाच्या कडेला बायका बसतात, पुण्या-बंगळुरूहून सुट्टी काढून आलेली पोरं येतात आणि दरवर्षी तेच प्रश्न निघतात. गुरू करावा का, कुणाला करावा, माळ घेतली की झालं का. तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षीच्या पारायण सप्ताहापर्यंत कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून आता लिहून ठेवते आहे. मी कीर्तनकार नाही. माहेर निपाणीकडचं, सासर बेळगाव तालुक्यातलं, गळ्यात माळ बावीस वर्षं. जे काही आलं ते मामंजींकडून, पोथीतून आणि या मंडपातून आलं.

वारकऱ्याला गुरू लागतोच का?

हा प्रश्न तुकोबांकडे नेला तर दोन उत्तरं मिळतात. एका अभंगात ते म्हणतात, ‘सद्गुरुवाचोनि सांपडेना सोय’, म्हणून आधी ते पाय धरा. दुसऱ्या अभंगात म्हणतात, ‘गुरुशिष्यपण । हें तों अधमलक्षण’, कारण भूतमात्रात नारायण खरा आणि जसे आपण तसाच दुसरा. गाथेत ही दोन्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा मी गोंधळले होते. तो गोंधळ पारायणातल्या वीणेनं सोडवला.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रीसुद्धा, कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. पाळी संपली की उभा असलेला वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण वाकलं हे कुणी बघत नाही. देणारा साठीचा आणि घेणारं पोरगं अकरावीतलं असलं तरी तसंच. कुणीतरी दिल्याशिवाय ती वीणा हातात येत नाही, हा तुकोबांचा पहिला अभंग. देऊन झाल्यावरही तो ‘मी दिली’ म्हणत मध्येच उभा राहिला तर पहारा मोडेल, हा दुसरा.

म्हणून माझं उत्तर असं की गुरू लागतो, पण तो देऊन बाजूला होणारा लागतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच मापानं मोजलं आहे.

माळ घालणं म्हणजेच गुरू करणं का?

अर्धं हो. आपल्या पंथात कानात मंत्र फुंकण्याचं फार माहात्म्य नाही. एकशेआठ मण्यांची तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात किंवा पंढरीत देवाच्या पायाला लावून आणतात, आणि फडावरचे, म्हणजे वारकरी मंडळीचे, महाराज किंवा गावातले जुने माळकरी ती तुमच्या गळ्यात घालतात. मंत्र ‘राम कृष्ण हरि’. तो रस्त्यावरच्या दिंडीत लहान पोरंही म्हणतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माळ घालणारा तुम्हाला गुपित देत नाही. तो चारचौघांसमोर तुमचा शब्द ऐकून घेतो, आणि पुढे कधी तुम्ही घसरलात तर आठवण करून देण्याचा अधिकार त्याला मिळतो. एवढंच त्याचं गुरुपण. मला ते पुरेसं वाटतं.

माळ घातल्यावर काय पाळायचं?

मांस आणि दारू वर्ज्य, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, वर्षातून एक तरी वारी, आषाढीची नाहीतर कार्तिकीची. परस्त्री मातेसमान, खोटं बोलायचं नाही. आपल्या भागात शेतीच्या कामामुळे पुष्कळ जण आषाढीऐवजी कार्तिकी धरतात, त्यात कमीपणा नाही.

खरी अडचण येते ती गावच्या लक्ष्मी यात्रेला. कित्येक वर्षांनी यात्रा भरते, लेकी-जावई, पाहुणे, मित्रमंडळी घरात मावत नाहीत आणि गल्लीत दारोदारी मटणाच्या चुली पेटतात. ‘वहिनी, एक दिवस माळ काढून ठेवा की’ हे मी स्वतः ऐकलंय. माळ काढून ठेवायची नसते. आमच्या घरी वेगळी चूल मांडली, पाहुण्यांचं कुणाचं मन मोडलं नाही आणि माळकऱ्यांचं जेवण आधी उरकलं. माळकरी झालेल्यानं घरच्या बाकीच्यांवर डोळे वटारू नयेत, हेही पाळण्यातच धरावं.

गुरुपरंपरा म्हणजे नेमकं काय?

कोणाकडून कोणाला मिळालं याचा माग. ज्ञानेश्वर माउली स्वतः ती सांगतात : आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव. म्हणजे विठ्ठलभक्तीच्या या झाडाचं एक मूळ नाथपंथात आहे. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे सख्खे थोरले भाऊ. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना बोध दिला आणि तो त्यांनी घरातच धाकट्या भावाला दिला.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झाली. त्यातला तेरावा अध्याय पारायणात येतो त्या दिवशी शक्यतो चुकवू नका. गीतेत ‘आचार्योपासनं’ हा एकच शब्द आहे. त्या एका शब्दावर माउली ओव्यांमागून ओव्या बोलत राहतात. गुरूचं घर, गुरूचं दार, गुरूच्या पायातलं सगळं आपणच व्हावं अशी शिष्याची ओढ ते सांगतात. मरणानंतरही ही ओढ सुटत नाही. देहाची माती गुरूचे पाय जिथे उभे राहतील त्या मातीत मिसळावी, पाणी त्यांच्या स्पर्शाच्या पाण्यात जावं, तेज त्यांच्यापुढच्या दिव्यात, वारा त्यांच्या चवरीत आणि आकाश त्यांच्या भोवतीच्या पोकळीत. माझ्या सासूबाईंना अक्षर ओळख नव्हती. व्यासपीठावरून या ओव्या आल्या की त्या डोळ्याला पदर लावायच्या.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. एवढं उचंबळून जो बोलतो, त्याचे गुरू त्याच्यापेक्षा थोड्याच वर्षांनी मोठे होते, त्याच्यासारखेच गावानं वाळीत टाकलेले, अनाथ. त्यांच्याकडे मठ नव्हता, गादी नव्हती. शेवटी ज्ञानदेवांनी पसायदान मागितलं, त्यात स्वतःसाठी काही नाही.

तुकोबांचा गुरू कोण?

बाबाजी चैतन्य. स्वप्नात भेटले. तुकोबाच सांगतात की स्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, मस्तकावर हात ठेवला, राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं आणि ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्या दिवशी वारकरी अजून अनुग्रहाचा उत्सव करतात. बाबाजींनी जेवायला पावशेर तूप मागितलं होतं आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, ही चुटपूट तुकोबांनी अभंगात ठेवली आहे. सेवा काही घडली नाही आणि कृपा मात्र झाली. ज्यांना वाटतं की गुरूला काही दिलं तरच मिळतं, त्यांना मी हे पावशेर तूप सांगते.

नामदेवांशी तर देव बोलायचा. त्यांना गुरू कशाला?

कथा अशी. सगळे संत जमले होते. गोरोबा काका कुंभार, म्हणून मुक्ताबाईनं त्यांना थापटण्यानं ही मडकी, म्हणजे संतांची डोकी, तपासायला सांगितली. कुणी हूं की चूं केलं नाही, नामदेव मात्र चिडले. ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल पडला. नामदेव रडत विठोबाकडे गेले, तर देवानंच त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. विसोबा औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितलं तेव्हा म्हणाले, जिथे देव नाही तिथे उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवायला जातात तिथे पिंड.

मला यातलं दोन गोष्टींचं फार वाटतं. एक, देव लाड करतो, चुका दाखवत नाही. ते काम माणसाला करावं लागतं. दुसरं, हेच विसोबा आधी ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे होते. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना दम भरणारे. तो माणूस पालटला आणि नामदेवांचा गुरू झाला. एखाद्याच्या मागच्या चुका उगाळून त्याला बोध देण्याचा अधिकार नाही म्हणणं सोपं असतं. विसोबांकडे पाहिलं की माझी जीभ आवरते.

बाईला माळ घालता येते का? बाई गुरू होऊ शकते का?

दोन्ही हो, आणि हे मी मोठ्यानं सांगते. मुक्ताबाई भावंडांत धाकटी. चौदाशे वर्षांचा म्हणून ज्याची ख्याती, तो चांगदेव वाघावर बसून भेटीला आला. त्याच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं, पण त्याची गुरू झाली मुक्ताबाई.

बहिणाबाईंची गोष्ट तर आपल्या शेजारची. वैजापूरकडची ब्राह्मण मुलगी, नवऱ्याबरोबर फिरत कोल्हापुरात येऊन राहिली, तिथे कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडले. तुकोबांनी स्वप्नात तिला अनुग्रह दिला. तुकोबा वाणी, जातीनं खालचे मानलेले. नवऱ्यानं त्यावरून मारझोड केली. तिनं नवरा सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही. संतांच्या इमारतीचा पाया ज्ञानदेव आणि कळस तुकोबा, हे जे आपण येताजाता म्हणतो ते तिचे शब्द.

आणि बेळगावातच अनगोळचं हरिमंदिर आहे, कलावती आईंचं. आईंना हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींकडून बोध मिळाला. त्यांनी बेळगावात भजनाची जी शिस्त लावली, तिच्यामुळे ज्या घरांत बायकांना चार माणसांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, त्या घरांतल्या बायका पेटी-झांजेवर बसल्या. माझी एक मावशी त्यातली. ‘बालोपासना’ तिनं आमच्याकडून पाठ करून घेतली. विठोबा-रखुमाईच्या वाटेवर मला पहिलं ढकललं ते त्या मावशीनं, जी स्वतः वारकरी नव्हती.

आपल्या सीमाभागात गुरूंची मोठी स्थानं कोणती?

आधी बाळेकुंद्री, कारण ते घरचं. बेळगावाहून बागलकोट रस्त्यानं सांबरा ओलांडलं की पुढे. तिथल्या पंत महाराजांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी. जन्म १८५५ साली आजोळी, दड्डीला. बेळगावात इंग्रजी शाळेत मास्तरकी केली, संसार केला, भाऊबंदांना सांभाळलं. गुरू बालमुकुंद ऊर्फ बाळावधूत. १९०५ साली देह ठेवला, समाधी बाळेकुंद्रीच्या आमराईत आहे. आश्विन वद्यात पुण्यतिथीचा उत्सव असतो. बेळगावातून निघालेला प्रेमध्वज बाळेकुंद्रीला पोचतो तेव्हा तिथल्या भजनात उभं राहून पाहा. ‘दत्तप्रेमलहरी’तली पदं लोक तोंडपाठ म्हणतात. मला पंतांचं सगळ्यात जवळचं काय वाटतं? रोज शाळेत जाऊन मुलांच्या वह्या तपासणारा माणूस अवधूत परंपरेचा गुरू झाला. संन्यास घेतला नाही, घर सोडलं नाही. मास्तर आणि सद्गुरू या दोन कामांत त्यांना भांडण दिसलं नाही.

दुसरी वाट विजापूर बाजूची, इंचगिरीची. तिच्या मुळाशी निंबरगी महाराज, लिंगायत घरातले. त्यांच्याकडून पुढे ही वाट उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडे आली, ते देशस्थ ब्राह्मण. उमदी आज सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आणि भाऊसाहेबांची समाधी इंचगिरीला, कर्नाटकात. या संप्रदायात भाषणापेक्षा ‘नेम’ मोठा. ठरल्या वेळी नामाला बसायचं, दासबोध वाचायचा. त्यांच्याच अनुग्रहातले जमखंडीचे रामचंद्र दत्तात्रेय रानडे, आपले गुरुदेव रानडे. जन्म १८८६. कोवळ्या वयात नाम मिळालं, पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि शेवटी विजापूर भागातल्या निंबाळला येऊन राहिले. १९५७ साली तिथेच देह ठेवला. बेळगावच्या हिंदवाडीतलं गुरुदेव रानडे मंदिर त्यांचंच. कुलगुरूपद भूषवलेला माणूस लहानपणी मिळालेला नेम म्हातारपणापर्यंत सोडत नाही, हे मी शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगते.

भाऊसाहेबांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. ध्यानाची लांबची वाट मुंगीची, म्हणजे पिपीलिका मार्ग, आणि विचाराची जवळची वाट पाखराची, विहंगम मार्ग, असं त्यांनी सांगितलं आणि गुरूच्या पश्चात दुसरी धरली. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचं दुकान चालवायचे. माझ्या माहेरी तंबाखूच्या धुरळ्यात सुपं मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका मी लहानपणी रोज पाहिल्या आहेत, त्यामुळे ते विडीचं दुकान ऐकलं की मला माहेर आठवतं.

हुबळीचा सिद्धारूढ मठ बेळगावकरांना सांगायला नको. स्वामींनी १९२९ साली देह ठेवला. आणि पौर्णिमेला निपाणी-चिकोडीची माणसं नरसोबाच्या वाडीला जातात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, तिथे मनोहर पादुका आहेत.

गुरू कानडी आणि आपण मराठी, चालतं का?

वरची यादी पुन्हा वाचा. ज्या माणसांच्या पायाशी आपली आजी-आजोबांची पिढी बसली, त्यांत कोण कुठल्या भाषेचं हे वेगळं काढता येत नाही. १९५६ नंतर या पट्ट्यात मराठी माणसानं पुष्कळ सोसलं. भाषेसाठी मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या, माझ्या माहेरच्या घरातही बसल्या. ती लढाई मी हलकी मानत नाही. पण ती कचेरीशी आहे, सरकारशी आहे. गुरूशी नाही.

गुरुचरित्र घ्या. महाराष्ट्रभर ज्याचे सप्ताह होतात त्या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर मूळचा कानडी घरातला. मराठी आपली भाषा नव्हे असं तो ग्रंथातच सांगतो, आणि तरी गुरूच्या आज्ञेवरून मराठीत लिहितो. मध्येच त्याच्या तोंडून कानडी पदंही येतात. ज्यांचं हे चरित्र त्या नृसिंह सरस्वतींचं वास्तव्य नरसोबाच्या वाडीला आणि गाणगापूरला, एक आज महाराष्ट्रात, एक कर्नाटकात. माउली तर विठ्ठलालाच ‘कानडा’ म्हणून बसले. पुरंदरदासांचं एक कानडी पद आमच्या शेजारच्या आक्का म्हणतात, त्याचा अर्थ असा की गुरूचा गुलाम झाल्याशिवाय, अण्णा, मुक्ती मिळायची नाही. त्या म्हणतात आणि मी टाळ धरते.

लिंगायत शेजारी ‘गुरू’ म्हणतात ते आणि आपलं एकच का?

नाही, आणि उगाच एक करूही नये. त्यांच्याकडे अष्टावरण आहे : गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र. त्यात गुरू पहिला. इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं लहान लिंग, गुरूच्या हातून मिळतं आणि ते देहावर कायम राहतं. आपल्याकडे माळ देहावर राहते पण ती देणारा मागे हटतो, तिकडे गुरूचं स्थान आचारातच पक्कं बांधलेलं आहे. त्यांच्या घरी जंगम, म्हणजे त्यांचे धर्मोपदेशक, आले की आपण नमस्कार करावा, आपल्या सप्ताहाच्या हुग्गीला, म्हणजे खिरीच्या जेवणाला, त्यांना बोलवावं. एवढं नीट केलं तरी पुष्कळ.

गुरुचरित्र वाचायला गुरू लागतो का? बायकांनी वाचावं का?

गुरू लागत नाही, नेम लागतो. सात दिवसांचं पारायण, सोवळं, एकवेळ हविष्यान्न, जमिनीवर निजणं. झेपेल तेव्हाच धरा. बायकांनी वाचू नये असं पुष्कळ घरांत मानतात, ऐकावं म्हणतात. ज्या घरी जाता त्या घरची रीत मोडू नका. माझ्यापुरतं सांगायचं तर हरिपाठाला आणि ज्ञानेश्वरीला असली अट कुणी घातलेली नाही, आणि मला तेवढी शिदोरी पुरते.

दक्षिणा किती द्यावी?

माळ घालण्याची दक्षिणा नसते. नारळ, हार, आणि मंडपात पानाला एक मूठ तांदूळ तुमच्या घरचे. तुकोबांचं सांगणं फार कडक आहे : जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, बुका लावून घेऊ नये, बैलाला चारासुद्धा मागू नये. पैसे देणारा आणि घेणारा दोघांनाही त्यांनी सोडलं नाही. आज कीर्तनकारांना गाडीभाडं, मृदंगमणी, गायक हे सगळं असतं, ते द्यावं. पण ठरवून मोठा आकडा मागणारा बोलावण्यापेक्षा तेच पैसे गावच्या पोरांना टाळ-मृदंग शिकवायला खर्चावेत, असं मी दरवर्षी बैठकीत म्हणते. कधी ऐकतात, कधी नाही.

भोंदू कसा ओळखायचा?

हा प्रश्न मला हलका घेता येत नाही. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका बाईला मूल होत नव्हतं. एका बाबानं आधी लिंबू दिलं, मग घरात दोष काढला, मग सासू-जावांशी बोलणं तोडायला लावलं. शेवटी तिचे गोठ-पाटल्या गेल्या आणि ती आजारी पडली तेव्हा दवाखान्याला उशीर झाला. ती वाचली. पण देवाचं नाव निघालं की तोंड फिरवते, आणि मला तिला काही समजावता येत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधात पाचव्या दशकात गुरूची लक्षणं सांगितली आहेत. जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियं आवरायला शिकवत नाहीत, ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन’ मिळाले तरी टाकावेत, असं ते म्हणतात. अडका म्हणजे बारीक नाणं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही बाजारात स्वस्त गुरू होतेच.

मी बायकांना सांगते ते असं. तो तुम्हाला रोज करायला काय देतो ते बघा. नाम, वाचन, उपवास, कुणाची सेवा, असं काही कष्टाचं देतो की फक्त दोरा आणि अंगारा? तुम्हाला एकटीला बोलावतो का? नवऱ्याला, आईला सांगू नको म्हणतो का? डॉक्टरची गोळी बंद करायला सांगतो का? यांतलं एक जरी ‘हो’ आलं तरी उठून घरी या, पाया पडायलाही थांबू नका. शाप लागत नाही. संतांच्या पोथ्यांत शिष्यानं प्रश्न विचारला म्हणून गुरूनं त्याला जाळलं असं मला कुठे सापडलं नाही. उलट शिष्य विचारतो म्हणूनच ग्रंथ पुढे जातो.

आणि कायदाही आहे. महाराष्ट्रात २०१३ सालचा, कर्नाटकात २०१७ साली केलेला, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा. पोलीस ठाण्यात जायला लाजू नका. देवाचा अपमान होत नाही त्यानं.

एकापेक्षा जास्त गुरू चालतात का? गुरू बदलता येतो का?

अवधूतानं चोवीस केले. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, अजगर, घार, बाण करणारा कारागीर. भागवताच्या अकराव्या स्कंधात ही कथा आहे आणि एकनाथांनी काशीत १५७३ साली पुऱ्या केलेल्या आपल्या टीकेत ती इतकी फुलवली आहे की ऐकताना शेतात उभं असल्यासारखं वाटतं. तेव्हा शिकावं सगळ्यांकडून. साधन मात्र एक धरावं. चार विहिरी पाच-पाच हात खणून पाणी लागत नाही हे शेतकऱ्याला सांगायला नको. गुरू चुकीचा निघाला तर सोडावा, त्याची परवानगी समर्थांनीच वर दिली आहे. नुसता कंटाळा आला म्हणून मात्र बदलू नये.

आमचे महाराज वारले. आता काय?

नेम चालू ठेवा. नवीन महाराज शोधायची घाई नको. माउलींनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली, आणि अजून आपण त्यांचा हात धरूनच वाट चालतो. पारायणात बसून वाचत राहा, मंडळीत राहा. दुःख पोथीसमोर रडून हलकं होतं.

गुरुपौर्णिमेला घरी काय करावं?

आषाढातली पौर्णिमा, व्यासपौर्णिमा. वारकरी त्या दिवशी बहुधा घरी नसतोच. एकादशीनंतर चार दिवस पंढरीत राहून पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन तो परततो. घरी असाल तर पोथीला फुलं वाहा, गुरूच्या तसबिरीला हार घाला, आणि ज्या शाळामास्तरांनी तुम्हाला बाराखडी शिकवली ते हयात असतील तर त्यांच्या घरी जाऊन या. मी दरवर्षी जाते. ते आता ओळखत नाहीत, पण हात डोक्यावर ठेवतात.

मुलं कानडी-इंग्रजी शाळेत जातात, मराठी वाचता येत नाही. त्यांना हे कसं मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारतात आणि मला तोच सगळ्यात आधीचा वाटतो. गावात मराठी शाळा असली तरी पट रोडावतो आहे. मोबाईलवर ज्ञानेश्वरी ऐकता येते, कीर्तनं बघता येतात, ते वाईट नाही. कुणी मोबाईलवरूनच अनुग्रह देतो म्हणाला तर मी जाऊ नका म्हणेन, कारण तुम्ही एकादशीला काय खाल्लं हे त्याला दिसत नाही आणि तुम्ही चार दिवस हरिपाठाला आला नाहीत तर तो घरी चौकशीला येत नाही.

आमच्या हरिपाठाला आता नऊ मुलं येतात. चौघांना देवनागरी अडखळत येते, म्हणून मी ओळ म्हणते आणि ती मागून म्हणतात. एकानं कानडी लिपीत हरिपाठ वहीत उतरवून घेतला आहे. मला आधी वाईट वाटलं. मग त्याचा पाठ सगळ्यांत आधी झाला, आणि आता तोच बाकीच्यांना चाल सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मी ‘अ आ इ’ पासून बसवणार आहे, तो तयार आहे.

माळ घ्यायची आहे. कधी यावं?

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी सकाळी, काकड आरतीनंतर. आंघोळ करून, उपाशी पोटी नसलं तरी चालेल. माळ मंडपातच मिळते, बाहेरून भारीतली आणू नका. घरच्यांना सांगून या. नवरा किंवा सासू नाराज असतील तर त्यांना घेऊन या, मी बोलते. पंचांगात मुहूर्त पाहायचा नाही. वीणेचा पहारा पण एकेक तास धरावा लागेल, रात्री दोन ते तीनच्या पाळीला नेहमी माणूस कमी असतं.